श्वासमणी

यादी लागली ती नेमकी सकाळी दूध घालायच्या वेळेला, म्हणून चिंचवणीत त्या दिवशी निम्म्या किटल्या दुधाच्या आणि निम्म्या शिव्यांच्या भरल्या. दूध संस्थेच्या भिंतीवरल्या पडद्यावर शहाण्णव नावं होती. माणसांची नव्हेत, म्हशींची. सगळ्यांत जास्त वायू सोडणारी म्हैस सगळ्यांत वर, अशी उतरती भाजणी.

"म्हंजे आता म्हशीनं ढेकर बी द्यायचा न्हाई," एक म्हातारा म्हणाला. "कारखान्याचं धुराडं मोजलं का कुणी?"

"धुराड्याला मणी कुठं बांधणार, तात्या? त्याला गळा न्हाई."

"गळा न्हाई, पर मालक हाय की!"

लोक हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. संस्थेचे सचिव रंगराव चष्मा सावरत मोठ्यानं वाचू लागले. पडदा सगळ्यांना दिसत होता, तरी असल्या गोष्टी माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय खऱ्या वाटत नाहीत.

"नंबर एक. हरणी. मालक, अक्काताई यशवंत खोत."

शालन रांगेत मागं उभी होती. अक्काताई तिची थोरली जाऊ. शालननं एका दमात खालपर्यंत नजर टाकली, पुन्हा वर नेली, पुन्हा खाली आणली. तिची गौळण शहाण्णवात कुठंच नव्हती. काळजात टाळ वाजल्यासारखा आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. पुढं उभ्या असलेल्या अक्कानं मागं वळूनही पाहिलं नाही. तिनं किटली मापात रिकामी केली आणि विचारलं, "आज फॅट किती लागली, रंगराव?"

रंगरावांनी आकडा सांगितला तो मापाकडं बघत.

*

मणी आले ते गेल्या उन्हाळ्यात. ते घेऊन आली शालनचीच लेक, शर्वरी. पशुवैद्यकीची पदवी घेऊन ती तालुक्याच्या कळप-कपात योजनेवर अधिकारी झाली होती. बोराएवढा करडा मणी, तोंडावरच्या म्होरकीच्या दोरीला नाकपुडीजवळ बांधायचा. त्यातून डोळ्यांना न दिसणारा उजेडाचा एक किरण सतत सुटत असे. म्हशीच्या श्वासातला मिथेन वायू त्या किरणाचा ठरावीक रंग गिळतो. जेवढा रंग गिळला जाई, तेवढा वायू मोजला जाई. माणसं त्याला श्वासमणी म्हणू लागली.

"म्हशीच्या पोटातली पहिली कोठी म्हणजे सहा-सात हंडे पाणी मावेल एवढी भट्टीच," शर्वरीनं देवळापुढं बायकांना समजावलं होतं. "गवताचा कडक धागा म्हशीला स्वतःला पचवता येत नाही. पोटातले सूक्ष्म जीव तो फोडून देतात. फोडताना हायड्रोजन सुटतो. तो साठला तर भट्टी विझेल. म्हणून दुसऱ्या जातीचे जीव तो हायड्रोजन घेऊन त्याचा मिथेन करतात आणि म्हैस तो ढेकरेतून बाहेर टाकते. तिचा त्यात दोष नाही. पण हवेत गेलेला तो वायू वीस वर्षांच्या हिशेबानं कार्बनच्या ऐंशीपट ऊब धरून ठेवतो."

"मग म्हशी मारून काय हुतंय?"

"मावशी, हा वायू बारा-एक वर्षांत विरतो. कार्बन पिढ्यान् पिढ्या राहतो. आज ढेकर कमी केली, तर त्याचा गुण आपल्या डोळ्यांदेखत दिसेल. आणि सगळ्या म्हशी सारखा वायू सोडत नाहीत. काहींचा दुप्पट असतो, तो रक्तातूनच येतो. तेवढ्या काढल्या, तर बाकीच्या राखता येतील."

आधी वायू दाबायला लाल समुद्री शेवाळाची भुकटी देऊन बघितली होती. गाईंनी ती खाल्ली, म्हशींनी फुंकर मारून टोपलीतून उडवून दिली. मग उरली ती कपात. काढलेली जनावरं तालुक्याच्या छावणीत जायची. तिथून पुढं कुठं, त्याला योजनेच्या पुस्तिकेत दोनच शब्द होते: अंतिम व्यवस्था.

शर्वरीनं हे काम पोटासाठी धरलं नव्हतं. दोन हजार बेचाळीस सालच्या महापुरात वारणा चिंचवणीच्या माळवदांवरून गेली होती. तिचे यशवंतकाका, म्हणजे अक्काचा नवरा, गळ्याइतक्या पाण्यात गोठ्याकडं परत गेले ते दावं कापायला. हरणी तेव्हा वर्षाची रेडी होती. दावं कापलं, हरणी पोहत टेकाला लागली. काका लागले नाहीत. तेराव्याला शर्वरी कुणाशी बोलली नव्हती. त्यानंतरच्या जूनमध्ये तिनं कॉलेजात नाव घातलं.

*

ज्याची म्हैस यादीत, त्याला तिचा आलेख दाखवायचा असा नियम होता. तिसऱ्या दिवशी शर्वरी अक्काच्या सोप्यावर पाटी घेऊन बसावं तशी मांडीवर पडदा घेऊन बसली. शालनला तिथं काही काम नव्हतं. पण घरात पाय ठरत नव्हता. गोठा दोनदा झाडून झाला होता. ती चहा देण्याच्या निमित्तानं गेली आणि उभीच राहिली.

"हे बघा काकू. दिवसाचे दोन डोंगर. सकाळची वैरण खाल्ली की रवंथ सुरू होतो, वायू चढतो, हा पहिला डोंगर. संध्याकाळच्या वैरणीनंतर दुसरा. हरणीचे डोंगर सगळ्यांत उंच आहेत."

अक्का वाकून बघत होती. "आणि ह्ये मधी सपाट कशानं?"

आलेखात भाद्रपदापाशी दोन दिवस डोंगरच नव्हते. चालता चालता रस्ता खचावा तसा खड्डा होता.

"कधी कधी रेंज जाते," शर्वरी भरकन म्हणाली आणि तिनं बोटानं पान पुढं सरकवलं.

पण शालननं खालच्या तारखा वाचल्या होत्या. गौरी आल्या तो दिवस आणि त्याच्या पुढचा.

त्या दोन दिवसांत हरणीनं अक्काच्या दारातल्या गौरीच्या नैवेद्यातली पुरणपोळीसुद्धा खाल्ली होती. अख्ख्या आळीत त्या दोन दिवसांत एकच जनावर काडीला शिवलं नव्हतं. तिची गौळण. गौरी आवाहनाच्या पहाटे गौळण व्याली आणि रेडकू मेलेलंच आलं. ती दोन दिवस रिकाम्या दाव्याकडं तोंड करून उभी राहिली. शालन तिच्या गळ्याला मिठी घालून गात होती, कारण बोलून ऐकायची नव्हती ती:

*गेलं लेकरू गं तुझं, दावं राहिलं मोकळं*
*घे ना घासभर तरी, माझ्या हातचं कोवळं*

खाल्लं नाही, की रवंथ नाही. रवंथ नाही, की वायू नाही. तो खड्डा रेंजचा नव्हता. तो गौळणच्या दुःखाचा होता, आणि तो हरणीच्या नावावर लागला होता.

*

चूक कुठं झाली ते शालनला शोधावं लागलं नाही. चूक तिच्या स्वतःच्या हातांनी केली होती, रिठ्याच्या फेसात.

वाटणी झाली तेव्हा दोन जावांच्या गोठ्यात भिंत आली, चुली वेगळ्या झाल्या, बोलणंही कामापुरतं उरलं. बेंदूर मात्र एकत्र राहिला. आषाढातल्या त्या सणाला गुरांना नदीवर न्हाऊ घालायचं, आणि न्हाऊ घालताना जनावराच्या अंगावर सुतळीचा तोडासुद्धा ठेवायचा नाही अशी चिंचवणीची रीत. म्होरकी, घुंगरमाळ, गोंडे, सगळं उतरवायचं. वर्षातून तेवढा एक पहर जनावर कुणाचंच नसतं. मग नवी म्होरकी चढवून, शिंगांना हुरमुंज लावून, त्याला पुन्हा आपलं म्हणायचं.

मणी काढू नये असं पुस्तिकेत चौथ्या पानावर लिहिलं होतं. पण चौथं पान आणि बेंदूर यांत बेंदूर जुना. अक्का हरणीची शिंगं रंगवत होती. शालननं दोन्ही म्हशींचा साज एकाच घमेल्यात भिजवला, घासला, उन्हात वाळवला. घुंगरमाळा तिनं आवाजावरून ओळखल्या. मणी मुके होते. एक उचलला, गौळणला बांधला. दुसरा हरणीला.

कुठला मणी कुठल्या म्हशीचा, याची नोंद कार्यालयात एकदाच झाली होती. कार्यालय त्यानंतर मण्याला ओळखत होतं, म्हशीला नव्हे.

*

चार दिवस शालन घरात पाण्यावरच्या पानासारखी फिरली. पीठ मळायला घेई आणि मीठ विसरे. नवरा कारखान्यातून येऊन विचारी, "काय हुतंय तुला?" ती म्हणे, "काय बी न्हाई," आणि उठून गोठ्यात जाई. गौळण तिच्या खांद्यावर हनुवटी टेकायची. पंढरपुरी जातीची, पाठीपर्यंत वळलेल्या कोयत्यासारख्या शिंगांची, डोळ्यांत सदा ओल. रोज पहाटे पान्हा सोडायला तिला ओवी लागे, आणि तीही शालनच्याच गळ्यातली. दुसऱ्या कुणी आचळाला हात लावला तर ती दूध चोरून धरी.

*काळ्ये गं माझ्या बाई, तुझ्या डोळ्यांत आभाळ*
*सोड पान्हा सोड पान्हा, दारी उभी गं सकाळ*

आता ओवी अर्ध्यावर तुटत होती. सांगितलं तर ही जाणार. न सांगितलं तर हरणी जाणार, जिच्यासाठी दीर बुडाले. दोन्हीकडून दावं एकच, आणि त्याचं टोक शालनच्या मुठीत.

मंगळवारी दुपारी भिंतीपलीकडून हाक आली. "शालन, हायस का गं?"

"हाय की, अक्का."

"उद्या गाडी येतीया. हरणीला जाताना काय बांधू? रिकाम्या गळ्यानं घालवू नये म्हन्त्यात."

"तुमी... अर्ज का न्हाई केला? फेरमोजणी मागता येती."

"कशाला?" भिंतीपलीकडनं अक्का म्हणाली. "तुझी लेक म्हन्ती, आसल्या म्हशी गेल्या की पाणी उतरंल. माझ्या हरणीच्या जाण्यानं वारणा एक बोट जरी खाली ऱ्हायली, तरी कुणाचा तरी नवरा घरी येईल. म्या मनाला समजावलंय. फकस्त रातीला डोळा लागत न्हाई... जाऊ दे. काय बांधू सांग."

शालननं भिंतीला टेकून डोळे मिटले. अक्का भांडली असती, शिव्या घातल्या असत्या, तर गप्प राहायला बळ आलं असतं.

"निळा गोंडा बांधा," ती कशीबशी म्हणाली.

*

बुधवारी सकाळी गाडी चावडीपुढं उभी राहिली. फळी उतरवलेली. शर्वरी हातात पडदा घेऊन म्हशींच्या कानातले बिल्ले तपासत होती. तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. अक्का हरणीला घेऊन आली. निळा गोंडा, कपाळाला कुंकू. हरणीनं फळीवर एक पाय ठेवला, फळी वाजली, आणि तिनं पाय मागं घेतला.

तेवढ्यात आळीच्या तोंडातून शालन आली. पदर खोचलेला, पाय अनवाणी, हातात गौळणचं दावं.

"शर्वरे, हरणी खाली घे. ही घाल गाडीत."

"आई, काय करतेस? यादीत हरणी आहे."

"यादीत माझी चूक हाय." शालननं दावं पुढं केलं. "बेंदराला म्या मणी काढलं. घमेल्यात दोन्ही एक झालं. हिचा तिला, तिचा हिला. तुझ्या त्या आलेखातला खड्डा बघ. गौरीचं दोन दिस. ते रेंज न्हाई. ही उपाशी व्हती."

शर्वरीनं पडद्याकडं पाहिलंच नाही. तिला पाहायची गरज नव्हती, आणि ते शालनला दिसलं. आईला लेकीच्या चेहऱ्यावरचं कळायला मणी लागत नाही.

"तुला ठावं व्हतं," शालन हळू म्हणाली.

"गौरीला मीच आले होते ना घरी." शर्वरीची मान खाली होती. "दोन दिवस तिच्या कुशीला कान लावून बसले होते, भट्टी पुन्हा पेटते का ऐकत. तो खड्डा मला ओळखू येणार नाही? अक्काकाकूंपुढं पान उघडलं तेव्हाच कळलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुझी म्हैस होती, आई."

"आणि अक्का कुणाची व्हती?"

अक्का पुढं आली. शालनला वाटलं, आता ही तोंडात मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. अक्कानं तिच्या मुठीतलं दावं नुसतं बघितलं. "चार दिस," ती म्हणाली. "चार दिस तू भिंतीपल्याड व्हतीस, आणि मला गोंड्याचा रंग सांगितलास."

शालन दावं धरून तिथंच उभी राहिली.

मग गर्दीतून एक बाई चाचरत म्हणाली, "पर ताई, आमी बी काढलं व्हतं की मणी. बेंदराला."

"आमी बी."

"आमी तर पाच म्हशींचं एकदम धुतलं. दुरडीत."

"सण हाय म्हटल्यावर काढणारच की! म्हशीला मणी बांधून न्हाऊ घालायची व्हय?"

शर्वरी गाडीच्या फळीवर बसली. चार महिन्यांची मोजणी, तिचं रात्रंदिवसाचं काम, बेंदराच्या पाण्यात विरघळून गेलं होतं. गाडीवान म्हणाला, "मग मी फुडच्या गावाला जाऊ का, म्याडम?"

"थांबा," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच बोलावं तशी, "पुढच्या गावातही बेंदूर होतोच."

तिनं तिथंच बसून वरिष्ठांना फोन लावला. मणी बदलले गेलेत हे सांगितलं. आपल्याला एका जोडीचं आधीच कळलं होतं आणि आपण गप्प बसलो, हेही सांगितलं. ते तिनं सांगितलं नसतं, तरी कुणाला कळलं नसतं. शालननं ते ऐकलं, आणि चार दिवसांत पहिल्यांदा तिला लेकीच्या शेजारी बसावंसं वाटलं.

*

तीस दिवसांची फेरमोजणी ठरली. मणी नव्यानं नोंदवले, या वेळी म्हशीच्या कानातल्या बिल्ल्यासकट. शर्वरीला खुलासा द्यायला सांगितलं होतं. पुढं काय होईल ते तिलाही ठाऊक नव्हतं. तोवर काम तिच्याकडंच होतं. तिनं आपल्या हातानं गौळणला मणी बांधला आणि आईकडं न बघता म्हणाली, "आई, हिचा आकडा वरच येणार. तुला माहीत आहे ना?"

"ठावं हाय."

"मला पूर अजून दिसतो गं डोळे मिटले की. मी हे थांबवणार नाही."

"थांबव म्हटलंय का म्या?"

दिवस कलताना अक्का आली. वाटणीनंतर पहिल्यांदा भिंतीला वळसा घालून आली, पण उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली. राग गेला नव्हता; तो सोबत घेऊनच ती आली होती.

"शालन, एक सांगत्ये. ऐकायचं तर ऐक. महिनाभर हिला निम्मीच वैरण घाल. उपाशी जनावराचा डोंगर चढत न्हाई, ह्ये तुझ्याच गौळणनं दावलंय. आकडा पडंल, म्हैस ऱ्हाईल. दूध आटंल, आटू दे. मी कुणाला बोलायची न्हाई."

"तुमी सांगताय ह्ये?"

"माझी वाचली म्हणून तुझी जावी, असं न्हाई माझ्या मनात." एवढं बोलून ती वळली. "तुझ्यावर अजून बोलायची हाय मी. ते ऱ्हायलंय."

शालन एकटी उरली. तिनं पेंडी सोडली, निम्मी गव्हाणीत टाकली, निम्मी बाजूला ठेवली. गौळणनं चार घासांत गव्हाण साफ केली. मग तळाचं लाकूड चाटलं. चाटून झाल्यावर मान वर करून शालनकडं बघितलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. आपली बाई विसरली असेल, आता घालेल, एवढाच भरवसा होता.

तीस दिवस. रोज दोन वेळा ही अशी बघणार.

उपाशी ठेवून वाचवायची, तर वाचणार कोण? दाव्याला जी उभी राहील ती म्हैस असेल, पण शालनच्या हातचं काही तिच्यात उरलेलं नसेल. आणि तिच्या जागी यादीत दुसऱ्या कुणाची तरी हरणी चढेल, दुसऱ्या कुणाच्या तरी भिंतीपलीकडं.

शालननं बाजूची निम्मी पेंडी उचलून गव्हाणीत टाकली. मग सकाळीच कापून आणलेला कोवळा मका, जो तिनं मुद्दाम लपवल्यासारखा ताडपत्रीखाली झाकला होता, तो ओढून काढला. गौळण कडाकडा खाऊ लागली. ओठांना हिरवा फेस आला. शालन गव्हाणीच्या कडेला बसली, आणि तिच्या गळ्यातून ओवी यादीनंतर पहिल्यांदाच न तुटता पूर्ण निघाली.

खाऊन झाल्यावर गौळण पुढचे पाय मुडपून खाली बसली. डोळे अर्धे मिटले. घशातून एक गोळा वर सरकला, आणि जबडा संथ, आडवा, हलू लागला. तालुक्याला कुठं तरी लेकीच्या पडद्यावर एक डोंगर चढू लागला असेल.

शालन उठली आणि तिनं दुसरी पेंडी सोडली.